लाडवांच्या बदल्यात बादली

"जा बाबा, आपल्या घरी," म्हणत काका स्टीलचा पेला अंगणात उपडा करायचे आणि आतला कोळी गवतात पळायचा. अमेरिकेत फ्रीमाँटला आमच्या शेजारी, मुलाकडे राहायला साताऱ्याहून आले होते. जीव सोडवण्याचा नाद असलेले असे काका तुम्हीही पाहिले असतील.

सून आतून ओरडे, "बाबा, तो परत आत येतो!"

"येऊ दे. रस्ता पाठ झालाय त्याला."

मी तेव्हा शास्ता क्रेफिशसाठी पत्रकं वाटायचे. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, खेकड्यासारख्या नांग्यांचा झिंगाच म्हणा. त्यातला हा शास्ता जगात फक्त उत्तर कॅलिफोर्नियातल्या थोड्या थंड पाण्यांत उरलाय. सरकारदरबारी 'नामशेष होण्याच्या मार्गावर' असा शिक्का बसलाय. शिक्का मारून कोणी जगतं का? आपली माणसं देवळाबाहेर पत्रक घेत आणि त्यातच प्रसादाचा शिरा बांधत. काकांनी मात्र ते नीट वाचलं.

"मला ने तिकडे. बघू तरी दे."

नेलं. वाटेत नदीपाशी कॉफीला थांबलो. पुढे झऱ्यावर पोचल्यावर आमची जीवशास्त्रज्ञ मैत्रीण सामान काढत होती. मी वळून बघते तर काका एक बादली घेऊन पाण्याकडे निघालेले! आत जिवंत क्रेफिश. मघाशी कॉफीच्या वेळी नदीवर कोणी गोरा ते गळाला लावत होता. बेसनाच्या लाडवांचा डबा त्याला देऊन काकांनी बादली सोडवून गुपचूप गाडीत ठेवली होती.

"जा बाबा, आपल्या—"

"काका, थांबा!" मी ओरडले.

नांगीच्या सांध्यावर पांढुरका ठिपका होता. हे शास्ता नव्हेत. "हे बाहेरून आणलेले, काका. यांनीच इथल्यांना हुसकावलंय. आत सोडलेत तर हा झराही गेला."

काकांनी बादली पोटाशी धरली. "यांना आणलं कोणी?"

"माणसांनी. गळाला लावायला."

"म्हणजे यांचा काही गुन्हा नाही."

"नाही."

"तरी सोडायचे नाहीत?"

"नाही सोडायचे." माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं भरपूर होती, या वाक्यात एकही नव्हतं.

मैत्रिणीने बर्फाची पेटी उघडली. त्यात ते गारठून मरणार, हे काकांना कळलं. मी बादलीला हात घातला.

"राहू दे, पोरी. मी आणलेत, मीच देतो."

दिले.

मग मैत्रिणीने पाण्यातला एक काळा दगड हळूच उचलला. खाली शास्ता होता. काळपट, पोटाशी नारिंगी. काका गुडघ्यांवर बसून बघत राहिले. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि अडलं.

"तू तर घरीच आहेस की रे," ते म्हणाले.

दगड होता तसा ठेवला.

त्यानंतरही पेला रोज निघायचा. पण उपडा करण्याआधी काका आत डोकावत. "तू कुठला रे?" कोळी काय सांगणार!

व्हिसा संपला, काका गेले. पुढे एका सकाळी त्यांची सून अंगणात दिसली. हातात तोच पेला. उपडा न करता ती आत बघत उभी होती.