खरबरीत काठाची घंटा

निघताना आईने माझ्या पिशवीत देवाची पितळी घंटा ठेवली होती. ती मुंबईत एजंटने काढायला लावली. तिकडे अरबांच्या मुलखात देवाचं उघड काही करता येत नाही, म्हणाला. यांनी ती दादाकडे दिली. विमानतळाच्या दारात दादा उभा होता, हलला की खिशात किणकिण व्हायची. म्हणून एक हात खिशात घट्ट, आणि दुसऱ्याने डोळे पुसत होता. मला हात करायला त्याच्याकडे हातच उरला नाही.

यान्बूला तेव्हा रिफायनरी उभी राहत होती. आपल्याकडची बहुतेक माणसं कॅम्पात एकटी. हे ग्राइंडिंगचे, म्हणजे लोखंड घासून गुळगुळीत करायच्या कामाचे, फोरमन झाले म्हणून आम्हाला पत्र्याची केबिन मिळाली. तिथे आम्ही दोघं आणि तीन वर्षांची शुभा. कपड्यांत दडवून आणलेले देव कपाटात ठेवले. आई म्हणायची, "घंटा वाजल्याशिवाय देवाला कळत नाही गं, आपण आलोय ते." दिवा लावताना रोज वाटायचं, आम्ही इथे आहोत हे त्याला ठाऊकच नसेल.

शेजारी जपानी सुपरवायझर आणि त्याची बायको सातोको राहायचे. तिने खिडकीबाहेर काचेची घंटा टांगली होती. करवंटीएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आत लाल मासे काढलेले. मधे काचेची कांडी आणि तिला कागदाची पट्टी. पट्टी वाऱ्याने हलली की कांडी काठाला घासून वाजायची. समुद्राचा वारा दुपारी सुटायचा, म्हणून माझी सकाळची पूजा दुपारवर गेली. हात जोडून उभी राहायची. ती वाजली की दिवा लावायची.

मी चौथी शिकलेली, त्यात लाजरी. आमचं दोघींचं खलास म्हणजे झालं, यल्ला म्हणजे चल, आणि पाच-सहा इंग्रजी शब्द, एवढ्यावर भागायचं. घंटा तिच्या वडिलांनी केलेली. साच्याशिवाय, नुसत्या फुंकरीने. हे तिने गाल फुगवून, हवेत नळी फिरवून दाखवलं. मासे आतल्या बाजूने रंगवायचे, बारीक ब्रश घंटेच्या तोंडातून आत घालून. म्हणजे पावसाने रंग जात नाही, असं मी समजले.

त्यांचं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने ती घंटा मला दिली. यांनी काठावरून बोट फिरवलं. "फिनिशिंगच केलेलं नाही. पोरीचा हात कापेल." मी चहा करून येईपर्यंत यांनी पॉलिश पेपरने काठ गुळगुळीत करून ठेवला होता, माझ्यासाठी म्हणून अगदी निगुतीने. खिडकीत टांगली. वारा आला. टक् टक्, चमचा आपटावा तसं.

कधी कुणाच्या दारात एकटी न गेलेली मी, घंटा पदराखाली घेऊन शेजारी गेले. सातोकोने काठ चाचपला आणि तोंडावर हात ठेवून हसली. माझ्यामागून हे आले, त्यांना तिने इंग्रजीत समजावलं. यांनी मान खाली घालून मला सांगितलं, "तिचा बाप काठ मुद्दाम खरबरीत ठेवतो. आवाज त्यातनंच येतो. मी शहाणा, गेलो सुधारायला."

मी चंदनाची सहाण आणून दिली. तिने पाणी घालून घंटा तिच्यावर उपडी धरली आणि गोल गोल घासली. मधेच कानाशी नेऊन वाजवायची, पुन्हा घासायची. शेवटी म्हणाली, "खलास." आवाज आला, पहिल्यापेक्षा घोगरा. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि दुपारी घंटा माझ्या खिडकीत वाजली. मी दिवा लावला. आम्ही यान्बूला आलो ते खरं त्या दुपारी.

आता कायमचे कोकणात, सासरच्या घरी आहोत. घंटा पडवीत आहे. गणपतीत झांजा-ढोलकीत ती ऐकूच येत नाही. आरती झाली, सगळे प्रसादाला गेले, की ती वाजेपर्यंत मी तिथेच थांबते. जाऊबाई चेष्टा करतात, "हिची आरती अजून चालूच." मी हसते. माणसांत राहायला मी या घरात शिकले, एकटं उभं राहायला तिकडे. आता दोन्ही मिळाल्याशिवाय मला घरी असल्यासारखं वाटत नाही.