बोर्डावरचा चार

यादी केल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. त्या मंगळवारी, गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात, यादीला दोन रकाने होते. डावीकडे 'भाषेचं', उजवीकडे 'आपलं'. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर न्यायचा होता. प्रोग्रामिंगच्या भाषेत कोणती सोय आधीपासूनच आहे आणि कोणती आम्ही स्वतः लिहून बसवली, हे शेजारी शेजारी मांडून काय ठेवायचं ते मी ठरवत होते. तारखा: भाषेचं घ्या. नावं क्रमाने लावणं: भाषेचं घ्या. अहवालाची छपाई: आपलं राहू द्या, लोकांना सवय आहे.

तेराव्या ओळीवर पेन थांबलं. सेन्सर वाचताना चूक झाली तर? भाषेची पद्धत सरळ होती. काम तिथेच थांबवते आणि काय बिघडलं ते सांगते. आपली पद्धत अशी, की चूक गिळायची आणि शेवटचा मिळालेला आकडा पुन्हा दाखवायचा. वर माझीच टीप होती: 'लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून.' वायर जरा हलली की आकडा दाखवणारा भिंतीवरचा बोर्ड कोरा पडायचा आणि दिवसभर फोन यायचे. हे लिहिल्यावर फोन थांबले. तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

चूक गिळणारा तो कोडचा तुकडा चार कोल्ड स्टोरेजमध्ये चालू होता, हवेतला अमोनिया मोजणाऱ्या बोर्डावर. हा वायू खोल्या गार ठेवतो. गळला तर डोळे आणि घसा जाळतो, आणि फार झाला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही.

चारांपैकी फक्त विंचूरच्या स्टोरेजची नोंद आमच्याकडे येते. ती उघडली. चार. चार. चार. पाच दिवस नुसता चार, धोक्याच्या बराच खाली. खरा सेन्सर तासभरसुद्धा एका आकड्यावर बसत नाही.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. द्राक्षांचा हंगाम, म्हणजे बायका आत पॅकिंगला असणार. गाडीने जायचं तर दीड तास. सुपरवायझरने दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"दादा, आत किती जणी आहेत?"

"अकरा. का ओ मॅडम?"

"आधी सगळ्यांना बाहेर काढा. मग सांगते."

"बोर्डावर चार हाय की." तो हसला. "तुम्हीच सांगितलं व्हतं, आकडा दिसतोय तोवर काळजी नाय."

"तो आकडा जुना आहे. काढा बाहेर. आणि फोन ठेवू नका, मोजून सांगा."

त्याचं हसणं थांबलं. हाका, चपलांचे आवाज, कुणाचं तरी "आता काय झालं ह्याला?" मी कागदावर अकरा रेघा मारल्या आणि तो मोजेल तशी एकेक खोडत गेले. दहा खोडल्या.

"एक मावशी मागच्या खोलीत गेल्यात, क्रेट आणाया. मी बघतो."

"तुम्ही आत जाऊ नका. दारातून हाक मारा."

हे बरोबर सांगितलं की चूक, मला आजही कळत नाही. तो हाका मारत राहिला. उत्तर येत नव्हतं. मी अकराव्या रेघेवर पेनाचं टोक टेकवून बसले होते. टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मग खोकला ऐकू आला. लांबून, मग जवळून.

"आल्या," तो म्हणाला.

मी त्यांना फोन द्यायला सांगितला. मावशींचा घसा बसला होता.

"वास तर कालपास्नं येतोय, बाई. पन बोर्डावर चारच व्हतं. म्हटलं, आपल्यालाच सर्दी झाली असंल."

नाक सांगत होतं, आणि त्यांनी माझ्या आकड्याचं ऐकलं होतं.

गळती व्हॉल्व्हपाशी निघाली आणि सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती, हे संध्याकाळी कळलं. पण त्या क्षणी अजून तीन कोल्ड स्टोरेज बाकी होती. दुसऱ्या ठिकाणी फोन लावला. आकडा तीन, सकाळी पाच होता, म्हणजे हलतोय. खूण केली. तिसऱ्या ठिकाणी लगेच उचलला.

"सहा आहे, मॅडम."

"काल किती होता?"

"सहाच. आपला बोर्ड एकदम स्थिर आहे, कधी त्रास नाही."

मी नवा कागद ओढला. "आत किती जण आहेत?"