पितळेची पट्टी आणि देशपांडे सरांचा नवा कण

“नवा कण असू शकतो, वैष्णवी. घाई करायची नाही,” देशपांडे सर हळूच म्हणाले. शेजारच्या डिपार्टमेंटला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच.

मी तिथं पंख्याचा रेग्युलेटर बदलत होतो. युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या वर्कशॉपात मी फिटर. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झालो तरी मलाच बोलावतात, कारण माझ्यासारखी चौकट दुसऱ्या कोणाला जमत नाय. हे मी म्हणत नाय, चौकटी म्हणतात.

आता गोष्ट कळायची तर एवढं ऐका. परदेशात जमिनीखाली एक मोठं रिंगण हाय, त्याला कोलायडर म्हणतात. त्यात बारीक कण पळवून समोरासमोर धडकवतात. धडकेतून जे उडतं ते टिपायला चहूबाजूंनी डिटेक्टर. त्यातल्या एका पॅनलची चौकट मी केलेली. खऱ्या धडकेत जे टिपलं तो डेटा. तशीच धडक कॉम्प्युटरात खोटीखोटी घडवून काय टिपलं जायला पाहिजे ते काढलं, की ते सिम्युलेशन. खोट्याचा खऱ्याशी मेळ बसला तर पुढं जायचं. नाय बसला तर डोकं धरून बसायचं.

वैष्णवी पाचोडची. घरी मोसंबीची बाग, ही इथं पीएचडीला. चार वर्षं हाच मेळ बसवत होती. स्क्रीनवर सिम्युलेशनची रेघ सपाट होती, डेटाच्या ठिपक्यांना मात्र एका जागी खड्डा. सरांना त्या खड्ड्यात नवा कण दिसत होता. सोमवारी परदेशातल्या लोकांपुढं मांडायचं होतं. कारण सांगता आलं नाय तर आमच्या पॅनलचा सगळा डेटा बाजूला टाकणार, आणि त्याच्यासंगं तिचा शेवटचा चॅप्टर.

“खड्डा कुठंशी हाय, पोरी?”

“कडेपासून एक्केचाळीस सेंटीमीटर, काका.”

माझ्या हातातला स्क्रू उलटा फिरला.

ड्रॉइंगमध्ये ती चौकट मधी मोकळी होती. उचलली की लचकायची. मी तेव्हाच सरांना म्हणालो होतो, “ही लोंबणार.” ते म्हणाले, “मिस्त्री, हे कॉम्प्युटरनं काढलंय.” मग मी गपचूप मधी, बरोबर एक्केचाळीस सेंटीमीटरवर, पट्टी रिव्हेट केली. तिथल्या चुंबकापायी लोखंड चालत नव्हतं, म्हणून पितळेची. पण चेकिंगला वजन होणार होतं. मग दोन्ही कडांना भोकं पाडून तेवढंच वजन उतरवलं आणि वरून ड्रॉइंगमधला पत्रा बसवला. चेकिंगवाल्यानं काटा लावला, ग्रामाला ग्राम मिळालं. त्यानं माझी पाठ थोपटली.

आता कबूल कसं करायचं? आख्ख्या नोकरीत माझं काम परत आलं नव्हतं. रेग्युलेटर बसवला आणि वर्कशॉपात निघून आलो.

शनिवारी ती वर्कशॉपच्या पायरीवर बसून घरी फोन करत होती. “नाय गं आई, ताईच्या साखरपुड्याला बी जमणार नाय. माझंच कायतरी चुकतंय, सापडत नाय.”

हे मला लई लागलं. माझं काम दुसऱ्यानं आपल्या नावावर घेतलेलं मला कधीच खपलं नाय. मग ती चूक का असंना.

“पोरी, पार दोन्ही कडांना बारीक उंचवटे हायेत का?”

ती वळून बघायलाच लागली. “हायेत. पण ते अजून मी कुणालाच दाखवले नाहीत. तुम्हाला कसं कळलं?”

“मीच पाडलेत. ड्रिलनं.”

हिशेब सोपा. पितळ आडवं आलं की हळू चालणारे कण तिथंच अडकतात, म्हणून खड्डा. भोकातून चार जास्तीचे निसटतात, म्हणून उंचवटे. सिम्युलेशनला दिलेलं ड्रॉइंग जुनंच, त्यात ना पट्टी ना भोकं. मी सांगत गेलो, ती टाईप करत गेली. पट्टीची रुंदी, जाडी, भोकं किती, केवढी. कागद कुठंच नव्हता, पण मला तोंडपाठ.

रविवारी दुपारी नवं सिम्युलेशन आलं. रेघ बरोबर खड्ड्यात उतरली, कडांना चढली. वैष्णवी अशी ओरडली, की वॉचमन पळत आला.

देशपांडे सरांनी स्क्रीनवर खड्ड्याच्या जागी बोट ठेवलं. “म्हणजे कण नाही?”

“नाय सर. पितळ हाय.”

“मिस्त्री, न विचारता बदल केलात तुम्ही!”

“विचारलं होतं. तुम्हीच नाय म्हणालात.”

सर चष्मा पुसायला लागले.

सोमवारची मीटिंग पार पडली. डेटा राहिला, चॅप्टर बी राहिला. वैष्णवी साखरपुड्याला गेली. पुढच्या आठवड्यात परदेशातून एक फॉर्म आला. केलेला बदल लिहा, कारण लिहा, सही करा. सर म्हणाले, “लिहूया, मजबुतीसाठी.” मी म्हणालो, “लिहा, ड्रॉइंग लोंबत होतं.” अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी माझंच वाक्य फॉर्मवर गेलं, खाली दोघांच्या सह्या. नव्या ड्रॉइंगमध्ये आता पट्टी छापून येते. भोकं तेवढी नको म्हणाले.

तवापासून मी जे वाढवतो ते कागदावर चढवतो. काट्यावर वजन बरोबर भरलं म्हणजे काम बरोबर झालं, असं नसतं.