वाटीतल्या गोळ्या

सुलाबाई नवी नवरी होऊन सिन्नरहून नाशिकरोडला आली, तेव्हाची गोष्ट. ओट्यावर सासू शेजारणीवर कडाडत होती, अन् ही चुलीपाशी बसून ऐकत होती.

"वाटी रिकामी धाडलीस? आमच्या घरात काय दुष्काळ पडावा म्हणून?"

"अगं बये, घासून लख्ख तर करून दिली!"

"लख्ख वाटी खाऊ का मी?"

पुढं वर्षभर दोघी एकमेकींकडं पाठ करून कपडे वाळत घालायच्या. सुलाबाईनं तेव्हाच मनाशी गाठ मारली, की शेजारची वाटी आपल्या हातून रिकामी जायची नाही.

सासू गेली, शेजारी रेहानाभाभी राहायला आली, तरी वाट्यांची ये-जा काही थांबली नाही.

आता म्हातारपणी सुलाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, अन् रक्तात साखर चढली. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही." इकडं सून चैताली पोटुशी. नातवंडाचं तोंड डोळ्यांनी बघायचं का हातानं चाचपून? सुलाबाईच्या जिवाला तोच एक घोर.

चैतालीनं साखर-गुळाचे डबे घरातून हद्दपार केले. रक्तात मॅग्नेशियम कमी निघालं, म्हणून साखरेच्या औषधाला जोड म्हणून त्याच्याही मोठाल्या पांढऱ्या गोळ्या आल्या.

अन् ईदला भाभीकडून आली शीरखुर्म्याची वाटी. अन्न टाकवतं का कुणाला? सुलाबाईनं चाटूनपुसून खाल्लं. वाटी घासली, तेव्हा पंचाईत उभी राहिली. घरात द्यायला गोड कणभर नाही! फडताळ चाचपताना हाताला त्या गोळ्यांची बाटली लागली. ताकदीच्या गोळ्या, त्याही महागाच्या. शीरखुर्म्याला शोभेल असं दुसरं होतंच काय?

मग ते चालूच राहिलं. तिकडून शेवया, गाजराचा हलवा, इकडून गोळ्या.

पुढच्या तपासणीत साखर उतरायची ती आणखीच वर गेलेली. चैताली रडकुंडीला आली. "आई, बाटली तर वेळेआधीच संपली. मग गोळ्या गेल्या कुठं?"

तेवढ्यात भाभी पोट धरून दारात. "सुलाबाई, तुमच्या त्या गोळ्या बस झाल्या हो! सगळी ताकद संडासात चाललीय माझी!"

चैतालीनं आधी कपाळावर हात मारला, मग हसता हसता भिंतीला टेकली.

डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. "मावशी, गोळ्या म्हणजे लग्नातली बुंदी नव्हे, दिसेल त्याच्या पानात वाढायला. ज्याला कमी आहे त्यालाच, तेही विचारून. भाभींचं मूत्रपिंड कमजोर असतं तर? आणि वरून शीरखुर्मा चापलात, तर गोळी बिचारी काय करील?"

सुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "ते समजलं. पण मग वाटीत काय घालू?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "मटकी घाला, मोड आणून!"

झालं. इकडून मटकी, तिकडून उकडलेले हरभरे. सकाळी भाभी सुलाबाईचा हात धरून फिरायला नेऊ लागली. "खड्डा हाय, सांभाळा," म्हणायची, अन् स्वतःच ठेचकाळायची. गोळ्या ज्याच्या, त्याच्याच पोटात गेल्या, साखर हळूहळू उतरली, अन् डोळ्याची तारीख मिळाली.

त्या सकाळी दारात रिक्षा फुरफुरत होती. "आई, चला ना आता!" दिवस भरत आलेली चैताली ओरडली.

"आले गं, एवढं काम उरकून."

पदराखाली मटकीची वाटी धरून सुलाबाई भिंत चाचपत पलीकडं गेली.

"या अल्ला! दवाखान्यात जाताना हे कसलं?" भाभी म्हणाली.

"मग वाटी रिकामी देऊ व्हय?" सुलाबाईनं वाटी तिच्या हातात ठेवली. "अन् भाभी, यापुढं वाटी जरा भरून देत जा. आता दिसणार हाय मला."