गावकीच्या टोपाची तपासणी

आमच्या खर्डीच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात, ते मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. "जर्मन हाय म्हनून," असं सासूबाईंनी सांगितलं आणि पुढं विचारायची सोय ठेवली नाही. घरात जर्मनचा डबा, जर्मनची परात, जर्मनचा चहाचा टोप. पण खरा मान गावकीच्या जर्मनला. लग्नाला, हळदीला लागणारे मोठाले टोप गावाने वर्गणी काढून म्हशाच्या जत्रेतून आणलेले. ते आमच्या पडवीतल्या खोलीत असतात आणि त्या खोलीची चावी सासूबाईंच्या कमरेला.

नेम असा, की ज्याच्या घरी कार्य त्याने टोप घासून परत आणायचे. मग सासूबाई अंगणात टोप उन्हाकडे कलता करून आत डोकावणार. बुडात आपल्या कपाळाचं कुंकू दिसलं तर टोप खोलीत, नाहीतर आल्या पावली परत. चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून मातीचा लेप दिला नाही तर काजळी अशी धरते की काथ्या झिजतो पण ती जात नाही. लेप विसरलेली बाई सासूबाई लांबून चालीवरून ओळखत. गावात सरपंचाला कोणी घाबरत नाही, पण या तपासणीला चांगल्या चांगल्या बायका पदर सावरून उभ्या राहतात.

फक्त काकी घाबरत नव्हत्या. काकी म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. सासूबाई बोलल्या की त्याच्या उलट बोलायचं, हे काकींनी पहिल्यापासून व्रतासारखं पाळलेलं. सासूबाई म्हणाल्या, आज ऊन कडक पडलंय, की काकी अंगभर पदर घेऊन म्हणणार, "मला तर गार लागतंय." सासूबाईंनी पास केलेल्या टोपात काकींना हटकून डाग दिसायचा. त्यांना चावी हवी होती आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी सासूबाईंना दिसायचं कमी झालं. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दाताखाली यायला लागले. शेवटी त्या परसात वाळत घातलेल्या माझ्या गाऊनला "कोन गो तू, आत ये की," म्हणाल्या. मी म्हटलं, आई, शहापूरला डोळे दाखवून येऊ. तर अंगावर आल्या. "डोलं दाखवलं की गावाला कलंल. गावाला कललं की चावी गेली. मग ती मला माझ्याच पडवीत उभी करून टोप दाखवील!"

ती म्हणजे अर्थात काकी. आणि काकींनी तसंच केलं असतं, हे मलाही माहीत होतं.

मग आम्ही दोघींनी खोकला ठरवला. सासूबाई टोपात डोकावणार, मी मागे उभी. एकदा खोकले तर टोप चांगला, दोनदा खोकले तर डाग आहे. युक्ती छान चालली. पण एकदा ऐन लग्नसराईत मला खराच खोकला झाला आणि त्या दिवशी गावातल्या निम्म्या बायकांचे लख्ख टोप परत गेले. त्या बिचाऱ्या दुपारभर नळावर टोप घासत माझ्या सासूबाईंना शिव्या घालत होत्या, आणि मी घरात वाफ घेत होते.

यंदा समोरच्या घरी हळद होती. टोप बाहेर जातानाही चकचकीत जायला हवा, हा सासूबाईंचाच नियम. सकाळी त्या म्हणाल्या, "मोठा टोप मी घासते. तू खुर्च्या बग." या खुर्च्या म्हणजे मुरबाड रस्त्यावरच्या एका फार्महाउसवाल्याने जागा विकताना गावकीला देऊन टाकलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, बाहेर बसायच्या. पावसात राहून त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि बसणाऱ्याच्या पाठीला ती लागते. मागच्या लग्नात नवऱ्यामुलाचा काका सगळीकडे पाठीवर खुर्चीचं चित्र घेऊन फिरत होता. म्हणून या वेळी मी अंगणात चिंचेचा कोळ घेऊन खुर्च्या चोळत बसले आणि सासूबाई मागच्या चुलीवर टोपात पाणी तापवायला लागल्या.

त्यांची पद्धत जुनी होती. गरम पाण्यात चिंच आणि मूठभर जाडं मीठ. मोरीवर मिठाच्या बरणीशेजारी धुण्याच्या सोड्याची बरणी असते. दोन्ही पांढरं, दोन्ही जाडं. मी अंगणातून ऐकलं, "बग गो, कसा मल सुटतोय! फेसच फेस!" मला वाटलं, छान. चिंचेला फेस का यावा, हा विचार माझ्या टाळक्यात आलाच नाही. फेस खाली बसला तसा त्यांनी मीठ समजून सोडा आणखी घातला आणि टोप बराच वेळ उकळू दिला.

हे सगळं मला कळलं तेव्हा टोप अंगणात आला होता, आणि न्यायला आलेल्या बायकाही. सोबत काकी, विनाकारण. सोड्याने जर्मन काळं पडतं; टोप आतून तव्यासारखा काळा झाला होता. सासूबाईंनी तो ऐटीत उन्हाकडे कलता केला. मी दोनदा खोकले. मग पुन्हा दोनदा. मग इतकी खोकले की एक बाई पाणी आणायला धावली.

"हिचा खोकला काय जात नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि बोलू नये तेच बोलल्या. "बग गो धाकटे, तू बग. तुला कायम डाग दिसतो ना? आज सांग, कुंकू दिसतंय का नाय?"

इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती चावी काकींच्या समोर, एका शब्दावर लटकत होती. काकी पुढे आल्या. त्यांनी टोपात पाहिलं. मग सासूबाईंच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ. त्या डोळ्यांना समोरचं माणूस दिसत नव्हतं, एवढं त्यांना तेव्हा कळलं असावं.

"दिसतंय गो बाय," काकी म्हणाल्या. "लख्ख दिसतंय." आणि बायकांवर खेकसल्या, "उभ्या काय ऱ्हायल्यात? उचला. माझ्या अंगनातून न्या, तिकडून वाट जवल हाय."

वाट जवळ नाही. उलट लांब आहे. पण टोप काकींच्या अंगणात गेला आणि थोड्याच वेळात तिकडून काथ्याचा खसखस आवाज यायला लागला. मला रडू येत होतं आणि हसूही. मी दोन्ही गिळून खुर्च्या पुसत राहिले.

सासूबाई ओटीवर बसून होत्या. जेवायला हाक मारली तरी उठल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"ती हो म्हनाली," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"माझ्या लग्नात मी गोरी दिसते असं सगली म्हनाली, तवा पन ही, माझ्या माहेरची पोर, नाय म्हनालेली. मागून तिला या घरात जाऊ म्हनून आनली ती मीच." त्यांनी कमरेची चावी चाचपली. "ती हो म्हनाली, म्हंजे टोप पार गेला असंल."

पलीकडचा खसखस आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

त्यांनी कमरेची चावी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. "उद्या शहापूरला डाक्टरकडं ने मला. आन ही तिला दे, डोल्याचं आपरेशन होऊन पट्टी असंल तोवर. सांग, बुडाला अजून दोन हात मार. मी आल्यावर बगनार हाय."