काजवालीचे तीन नवरे

आमच्या गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणायचे आणि ते नाव तिला मुळीच आवडायचं नाही. "काज म्हणजे दुसऱ्यानं शिवलेल्या सदऱ्याला भोकं पाडणं," ती म्हणायची. "मला कापड बेतायचं होतं." बेतणं म्हणजे माप घ्यायचं, खडूनं रेघ ओढायची आणि कोऱ्या कापडात बेधडक कात्री घालायची. शिंप्याच्या धंद्यात बेतणारा राजा, बाकीचे सगळे हमाल.

पहिला नवरा शिंपीच होता. सतराव्या वर्षी ती त्याच्या दुकानात आली ती थेट टेबलाखाली. वर नवरा बेतायचा, खाली ही काजं करत बसायची आणि वरच्या चिंध्या हिच्या डोक्यावर पडायच्या. एकदा तिनं विचारलं, "अहो, एखादी बाही मी बेतू का?"

"बाईच्या हातात कात्री गेली की कापड आटतं."

"मग धुतल्यावर आटतं ते कुणाच्या हातानं?"

त्यानं आणखी वीस सदरे तिच्यापुढं टाकले. चौदा वर्षांनी छातीत कफ धरून तो गेला. दुकान दिराकडं गेलं आणि ही माहेरी. फार रडली म्हणे. नवऱ्यासाठी की टेबलासाठी, असं मी पुढं कधीतरी विचारलं तर म्हणाली, "अर्धं अर्धं."

भावानं दुसरं लग्न लावून दिलं. हा कारकून. देवमाणूस. सकाळी पाणी तापवून द्यायचा, भाजी स्वतः निवडायचा, वर म्हणायचा, "तू नुसती बस. चौदा वर्षं डोळे फोडलेस, आता काही करायचं नाही."

नुसतं बसून बसून बाईला मुंग्या आल्या. मग तिनं एक उद्योग काढला. नवरा ऑफिसला गेला की त्याचा एखादा कपडा उसवायचा, तुकडे जमिनीवर मांडायचे, जुन्या वर्तमानपत्रावर त्यांच्या रेघा मारून घ्यायच्या आणि तो यायच्या आत परत शिवून खुंटीला लावायचा. आधी पायजमा, मग सदरा. बेतणं ती अशी उलटीकडून शिकली. वर्षभरानं कोटाला हात घातला. त्या दिवशी नवरा तासभर लवकर आला आणि घाईघाईत डावी बाही उजवीकडं बसली, उजवी डावीकडं.

कोटाच्या बाहीला कोपरापाशी पुढं बाक असतो. तो आता मागं गेला. बिचारा आठवडाभर तो कोट घालून ऑफिसला गेला. हात पुढं केला की मागं ओढला जायचा, फायलीवर सही धड उमटेना. त्याला वाटलं, वात झाला. शेवटी डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं कोट काढायला लावला, हात वाकवून पाहिले, मग कोट उलटापालटा करून पाहिला. "हात ठणठणीत आहेत हो. बाह्या तपासून घ्या."

घरी येऊन तो रागावलासुद्धा नाही. सुयांचा डबा उचलून शेजारणीला देऊन आला आणि हिला म्हणाला, "इतका त्रास कशाला घेतेस? शिंपी आहेत की गावात."

त्याच आठवड्यात तिनं ते घर सोडलं. भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, मारतो का तो? पितो का?"

"नाही रे. बसवून ठेवतो."

वाईट नवऱ्याला सोडताना निदान रागाची सोबत असते. चांगल्याला सोडायचं तर एकटीनंच पाऊल उचलावं लागतं. रीतसर काडीमोड झाला. जिन्याखालची एक खोली भाड्यानं घेऊन तिनं टेबल टाकलं आणि पुढची दहा वर्षं त्या टेबलावर दुसऱ्या कुणाची कात्री चालली नाही.

तिसरा आपल्या पायांनी आला. समोरचा बेकरीवाला, विधुर, घेरानं चांगला. एका विजारीसाठी चार वेळा माप द्यायला आला, दर वेळी कंबर बोटभर वाढलेली. "तुमचं माप घ्यायचं की पाठलाग करायचा?" असं ती म्हणाली तिथंच त्यांचं जमलं. लग्नाआधी तिनं बजावलं, "दुकान माझं. त्यात तोंड घालायचं नाही."

"कबूल," तो म्हणाला.

तीन वर्षं त्यानं शब्द पाळला. मग तिची कंबर धरायला लागली आणि त्याचं मन द्रवलं. एका सकाळी ती दुकानात आली तर टेबलापाशी एक परका कारागीर तिची टेप गळ्यात घालून उभा.

"तुझ्यासाठीच आणलाय गं," बेकरीवाला कौतुकानं म्हणाला. "तो बेतेल. तू खुर्चीत बसून नुसती नजर ठेव."

ती ओरडली नाही. म्हणाली, "बरं. मग उद्यापासून तुमच्या भट्टीवर मी एक माणूस उभा करते. मळणं, भाजणं सगळं तो बघेल. तुमचेही गुडघे दुखतात."

"माझ्या भट्टीला कुणी हात लावला तर तंगडं मोडीन त्याचं!"

हे बोलला आणि तोंड उघडंच राहिलं त्याचं. कारागिराला काय समजायचं ते समजलं. त्यानं टेप काढून टेबलावर ठेवली. बेकरीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला चहा पाजायला समोर घेऊन गेला.

ती कंबरेला फडकं घट्ट बांधून बेतायला उभी राहिली. दुपारी दाराशी सावली पडली. तीन वर्षं सरळ आत घुसणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबला होता.

"येऊ का आत?"

तिनं वर पाहिलं नाही. काळ्या कापडावर रेघ अर्ध्यात होती.

"या," ती म्हणाली. "पण अंगावरचं पीठ झाडून या."