डावा कौल

मी देवभोळा माणूस नव्हे. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मी आमच्या गावदेवीवर इतका रुसलो होतो की देवळावरून जाताना मान फिरवायचो. तसा मी पहिल्यापासून तापट आणि उतावळा. आई म्हणायची, हा ऐकतो अर्धं आणि रागावतो मात्र पुरता.

माझं खेडं खांब गावाजवळ, नोकरी रोह्याला कंपनीत, शिफ्टची. जीव अडकला होता पेणला, रामवाडीच्या एका गणपतीच्या कारखान्यात. तिथं ती मूर्तींचे डोळे आखायची. गावचे गणपती आणायला टेम्पो घेऊन गेलो असताना मी उगाच अक्कल पाजळली, "या बाप्पाची नजर तिरकी वाटते." ती ब्रश न थांबवता म्हणाली, "बाप्पाची सरळच हाय. तुमचीच कारखानाभर फिरतेय." त्यानंतर तीन वर्षं मला पेणला काही ना काही काम निघत राहिलं.

मग तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ उघडायची नाही. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, एवढ्या लहान वयातही होतो म्हणाले, आणि गोळ्या आयुष्यभर. ज्या हाताने बाप्पाला नजर यायची त्या हाताला चहाचा कप धरवेना. तिने मला स्पष्टच सांगितलं, "तू दुसरी बघ. मी तुझ्या घरी भाकरी थापू शकणार नाय." आईचंही म्हणणं तेच, फक्त आवाज मोठा.

शेवटी आमच्याकडे अडलं की करतात तेच मी केलं. देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. "काय विचारायचं ते नीट बोल," गुरव म्हणाला. मी हात जोडून म्हटलं, "आई, ती बरी होणार असेल तर उजवा दे." बराच वेळ काही हललं नाही. मग डावं फूल गळलं. गुरव तांब्या उचलून आत गेला.

देवीलाच हे लग्न नको, असं मी धरून चाललो. पेणला जाणं बंद केलं. तिला कळवलंही नाही. तेव्हा मोबाइल नव्हते, आणि कारखान्यात फोन फिरवायची माझी हिंमत नव्हती. कामावर जायचो, यायचो, ताटातलं चिवडून उठायचो. शेजाऱ्यांना वाटलं, याला कावीळ झाली. तिला सोडल्याचं दुःख होतंच. पण सोडायला देवीचा आधार मिळाला म्हणून कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची शरम जास्त होती.

एका दुपारी पनवेलहून पॅसेंजरने परत येत होतो. पेण आलं तेव्हा डोळे मिटून बसलो. पुढे कासूला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली ती हलेना. समोर एक म्हातारी बसली होती, मिठागरात काम करणारी. मिठाने पायांना भेगा पडलेल्या. माझ्याकडे बघत म्हणाली, "कोण गेलं रं तुजं?" तोवर कुणापाशी बोललो नव्हतो, तिच्यापाशी सगळं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवीला काय इचारलंस ते परत सांग." मी सांगितलं.

"मंग खरंच सांगितलंन की तिनं. पोर बरी व्हायची नाय. लगीन करू का, ह्ये तू इचारलंस कुठं?"

तेवढ्यात पलीकडच्या रुळावर पनवेलकडे जाणारी गाडी आली, जिच्यासाठी आम्ही अडकलो होतो. "जा," म्हातारी म्हणाली. मी उतरून पळालो. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर कितीदा कासूला उतरलो, मिठागरांच्या बांधावर चौकशी केली. कुणाला सांगता आलं नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

पेणला पोचलो तेव्हा ती कारखान्याच्या मागच्या पडवीत गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसली होती. आता आखणी जमणार नाही, असं मालकाला तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. मला बघून उठली नाही.

"दोन महिने कुठं मेला होतास?"

"कौल डावा पडला."

"मग आता कशाला आलास? मी बरी होणार नाय."

"माहीत हाय. देवीनं सांगितलंय मला."

ती आधी हसली, मग रडली. मी तिचे हात पाण्यातून काढून टॉवेलने पुसले, एकेक बोट.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आजार गेला नाही. थंडीत तिची वेणी मी घालतो, भाकऱ्या मी थापतो. आई जाईपर्यंत त्या भाकऱ्यांना नावं ठेवत खात राहिली. काही दिवस असे येतात की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि मला काहीच करता येत नाही. तेव्हाही मी देवीचे आभार मानतो, की तिने मला खोटी आशा दिली नाही. बरं होण्याची अट घालून मी संसाराला निघालो होतो. देवीने ती अट फुलाबरोबर खाली पाडली. आता मी तिच्याकडे काही मागत नाही. नुसता जाऊन बसतो.

दर वर्षी घरच्या गणपतीचे डोळे आम्ही घरीच आखतो. ब्रश माझ्या हातात, आणि माझ्या मनगटावर तिचा वाकडा झालेला हात. नजर जराशी तिरकीच उतरते. मी काही बोलायच्या आत ती म्हणते, "उगाच अक्कल पाजळू नकोस. आपल्याकडंच बघतोय तो."